मापाची तीनचाकी

सारा जन्म बँकेत गेल्यामुळे अर्ज भरायचा म्हटलं की माझ्या अंगात येतं. निवृत्तीनंतर चेन्नईतल्या अड्यारलाच राहिलो आणि गल्लीने माझी ही खोड लगेच हेरली. आमच्या इमारतीखाली ब्लाउज शिवणारी बाई बसते. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले, उजव्या खांद्यातही जोर नाही. समोर नवं दुकान झाल्यापासून गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली होती. घरोघरी जाऊन मापं घेता आली तरच तिचा धंदा टिकणार होता. बाजारातली हाताने चालवायची तीनचाकी दोन्ही हातांचा जोर मागते. हिला एकट्या डाव्या हाताने चालणारी, पाठीला आधार असलेली मुद्दाम बनवून घ्यावी लागणार होती, आणि ती परवडणारी नव्हती.

तिच्या वतीने मी मदतीचे अर्ज धाडले. दोन धर्मादाय संस्थांनी साधं उत्तरही दिलं नाही. तिसरीने फोटो मागितला. मी शहाणपणा केला, "जुनी साडी नेस, फुलं माळू नकोस." दुसऱ्या दिवशी बाई पोंगलची रेशमी साडी नेसून, हातभर मोगरा माळून हजर!

"सार, फोटोला कुणी जुनं नेसतं का?"

मी कपाळाला हात लावला. नकार आलाच. अर्जदार गरजू वाटत नाही म्हणे.

पुन्हा फोटो काढू म्हणालो तर ती माझ्यावरच उखडली. टेप घेऊन तिने स्वतःची मापं घेतली: हात, पाठ, कंबर ते गुडघा. ती तमिळमध्ये सांगत गेली, मी इंग्रजीत उतरवत गेलो. शेवटी म्हणाली, "आता लिहा, सार. मी गिऱ्हाइकाची कीव येऊन ब्लाउज शिवत नाही, मापं बघून शिवते. तुम्हीही मापं बघा."

इतक्या वर्षांत ढिगाने अर्ज वाचले, असं वाक्य एकातही नव्हतं. मला माझ्या जुन्या साडीच्या सल्ल्याची लाज वाटली.

तो कागद मी तसाच त्या तिसऱ्या संस्थेला पाठवला. आठवड्याभरात संस्थेचा माणूस तो घेऊन स्वतः आला. एका मापाची शंका आली म्हणून त्याने ते परत घेऊन पाहिलं. तिचंच बरोबर निघालं. मंजुरी मिळाली आणि पेरुंगुडीच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी तयार झाली.

पहिल्या दिवशी ती पडेल-बिडेल म्हणून मी बरोबर निघालो. कोपऱ्यापर्यंत कशीबशी साथ दिली. मग तिने डाव्या हाताने जोर लावला आणि मागे न बघताच ओरडली, "सार, तुम्ही सावकाश या. माझं गिऱ्हाईक थांबलंय!"