मागच्या दारापासून चौथं मशीन

आमच्या थोरल्या जाऊबाईंना स्वस्थ बसता येत नाही. कंबरेचं दुखणं वगैरे काही नाही, स्वभावच तसा. जेवायला बसल्या तरी एक गुडघा वर, आत्ता उठते म्हणून. दूध तापत ठेवलं की तेवढ्यात दोनदा जिन्यापर्यंत जाऊन येतात, आणि दूध उतू गेलं की बोलणी मला. मी त्यांना ताई म्हणते. त्या मला धाकटे म्हणतात, आणि चिडल्या की बाईसाहेब. सव्वीस वर्षं एका घरात काढली आम्ही, दोन भावांच्या दोन बायका, स्वयंपाकघर एकच. भांडणं किती झाली ते विचारू नका.

कामालाही दोघी एकाच ठिकाणी. लाँड्री म्हणतात, पण घरोघरच्या कपड्यांची नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, ढीगच्या ढीग. धुतलेल्या ओल्या चादरी इस्त्रीच्या मशीनवर चढवायच्या. सहा मशीनं आहेत ओळीने, प्रत्येकाला आडवा तापलेला रोलर. बाईने चादरीची कड ताणून रोलरखाली सरकवायची, ती पलीकडून कडक होऊन बाहेर येते, मग टेबलावर घड्या. रोलरच्या अलीकडे एक लोखंडी दांडी असते. बोटं चुकून पुढे गेली तर आधी दांडीला लागतात, दांडी ढकलली जाते आणि मशीन जागच्या जागी थांबतं. बनवणाऱ्याने डोकं लावून बनवलंय.

पण जाड शिवण आली तरी ती दांडी ढकलली जाते. मग मशीन बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद, आणि मॅनेजरची बोंबाबोंब. आमच्या चौथ्या मशीनची दांडी तर इतकी नाजूक की शेजारी कोणी शिंकलं तरी बंद पडेल. म्हणून ती तारेने बांधून टाकली होती. दांडी हलायची नाही, मशीन थांबायचं नाही, सगळं कसं छान.

आता सांगूनच टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ती तार मी बांधली होती. मॅनेजर तार आणि पक्कड घेऊन आला, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बांधा हे, आणि उरका कामं." मला त्या सारख्या थांबण्याचा वैताग आला होताच. दांडीच्या उजव्या टोकाला, पत्र्याच्या आड, चार पीळ दिले. घट्ट. माझं काम कच्चं नसतं, हेच माझं दुर्दैव.

महिन्याभराने मला घड्यांच्या टेबलावर घेतलं आणि त्या मशीनवर चष्मेवालीला लावलं. जाड भिंगांचा चष्मा, घामाने घसरतो म्हणून मागून नाडी बांधलेली, आणि आम्हा सगळ्यांत गोड बोलणारी. एके दिवशी ओली चादर तिच्या मनगटाला गुंडाळली आणि हात आत ओढला गेला. दुसऱ्या हाताच्या कोपराने ती दांडीवर मारत राहिली. मी सहा पावलांवर उभी होते, हातात अर्धी घडी. ताईंनी धावत जाऊन भिंतीवरचा खटका पाडला म्हणून हात वाचला. दोन बोटं गेली, उजव्या हाताची.

मॅनेजरने वहीत लिहिलं की बाई बोलण्याच्या नादात होत्या. आणि दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर मला परत उभं केलं. तार तशीच. मी काढली का? नाही काढली. काढायला वाकले असते तर कोणीतरी विचारलं असतं, तुला कसं गं ठाऊक कुठे बांधलीय ते. असं माझं डोकं. बोटांच्या टोकांनी कड सरकवायची आणि दिवसभर जीव मुठीत धरून उभं राहायचं.

ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की दांडी बांधलेली आहे आणि आता तिथे त्यांची जाऊ उभी आहे. टेबलावरून त्यांची नजर सारखी माझ्या हातांवर. घड्या चुकायला लागल्या, ज्या बाईची वीस वर्षांत एक घडी चुकली नव्हती तिच्या.

एका संध्याकाळी घरी येताना त्या मध्येच थांबल्या. "मी तक्रार करणार आहे. सरकारात."

"सरकार तुमची वाट बघत बसलंय का?" मी म्हटलं.

"बसलं नसेल तर बसवीन."

"काम जाईल दोघींचं."

"हात जाण्यापेक्षा काम गेलेलं परवडलं. तुझे हात गेले तर पोळ्या कोण लाटणार? माझ्याच्याने दोन संसारांच्या व्हायच्या नाहीत." हे त्या हसून म्हणाल्या नाहीत.

मी घरभर आदळआपट केली. दोन दिवस अबोला धरला. शेवटी पाहिलं की या काही ऐकायच्या नाहीत, तेव्हा सोबत गेले. एकटीला पाठवावं तर काय लिहून येतील याची धास्ती. खरं तर ती धास्तीच मला घेऊन गेली, माया वगैरे नंतर.

कामगारांच्या तक्रारी घेणारं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लांबलचक खोली, भिंतीला लागून बाकं, तीन खिडक्या. मी बसले. ताई भिंतीवरची एकूण एक सूचना वाचत फिरल्या, एका चुकीच्या खिडकीवर अर्धा तास उभ्या राहिल्या, तिथून बरोबर खिडकी कळली. आतला कारकून कंटाळलेला होता पण माणूस वाईट नव्हता. त्याने फॉर्म दिला आणि म्हणाला, "बाई, फार जाच आहे, अन्याय आहे, असं लिहू नका. सगळे तेच लिहितात. कुठलं मशीन, काय बिघाड, कधीपासून, कोणाला इजा झाली, ते लिहा. आणि मालकाला नाव कळू द्यायचं नसेल तर इथे खूण करा. आम्ही सांगत नाही."

ताईंनी खूण केली. मग उभ्या-उभ्याच, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहायला लागल्या. अक्षर मोत्यासारखं. मध्येच मान वळवून त्यांनी मला विचारलं, "चौथंच ना गं?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बायका मागच्या दाराने आत जातो, जिथे चादरींची गाडी रिकामी होते. त्यामुळे मशीनं मोजायची ती मागच्या दारापासून. पहिलं, दुसरं, तिसरं. तिथे कामाला लागलेल्या प्रत्येक बाईला असंच शिकवलंय. पण मशीनवरचे आकडे घातलेत ते पुढच्या दारापासून, साहेबलोक येतात तिथून. आकडे आहेत भिंतीच्या बाजूला, कापसाच्या धुळीने बुजलेले. शनिवारी ती धूळ पुसायला मी वाकायची म्हणून मला ठाऊक. सहा मशीनं. आमचं चौथं, ते मालकाच्या कागदावरचं तिसरं.

"हो," मी म्हटलं. "चौथंच."

कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली. जिना उतरताना ताई मला म्हणाल्या, "तू होतीस म्हणून धीर आला." मला जिन्याची पायरी दिसेना.

त्यानंतरचे अकरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. ताई दर गाडीच्या आवाजाला दाराकडे बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायची. घरी भाजी करपली, चहात दोनदा मीठ पडलं, माझ्या नवऱ्याने विचारलं की तुम्हा दोघींना झालंय तरी काय, आणि दोघींनी एकदम "काही नाही" म्हटलं. मी मनाशी हिशेब मांडायची. तपासणीवाले येतील, चुकीचं मशीन बघतील, सगळं ठीक आहे असं लिहून जातील, ताई चार दिवस चरफडतील आणि विसरतील. मग एखाद्या शनिवारी धूळ पुसताना मी गुपचूप तार काढून टाकीन. कोणाचं काही बिघडणार नाही. चष्मेवालीची बोटं आली की हिशेब तिथेच अडायचा.

बाराव्या दिवशी पुढच्या दाराने एक बाई आत आल्या. साधे कपडे, पायात बूट, हातात फाईल. त्यांनी मॅनेजरला ओळखपत्र दाखवलं आणि चौथं मशीन कुठलं म्हणून विचारलं. मॅनेजरचा चेहरा आधी पडला, मग त्याने आकडे मोजले आणि चेहरा पुन्हा वर आला. त्याने त्यांना माझ्या शेजारच्या मशीनपाशी आणलं आणि स्वतः माझ्या मशीनच्या उजव्या टोकाला पाठ लावून उभा राहिला. बरोबर तारेसमोर.

बाईंनी दांडी ढकलली. मशीन थांबलं. पुन्हा चालू करून पुन्हा ढकलली. पुन्हा थांबलं.

"आमच्याकडे सुरक्षेला पहिलं स्थान आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "कोणीतरी रागापोटी लिहिलं असेल. या बायका अशाच."

बाई लिहायला लागल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांची पाठ. मी हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. मी चादर सरकवत राहिले. एक, मग दुसरी.

ताई टेबलापाशी होत्या. त्यांना कळेना हे काय चाललंय, बाई भलत्याच मशीनपाशी का उभ्या आहेत. मग त्यांना काहीतरी उमगलं असावं. हातातली चादर तशीच खाली टाकून त्या तरातरा चालत आल्या. चालू मशीनजवळ घड्यांच्या बायकांनी यायचं नाही असा नियम आहे. त्या नियमाची मॅनेजरने आठवण करून द्यायच्या आत त्या येऊन पोहोचल्या होत्या.

"मॅडम, आम्ही मागच्या दारापासून मोजतो. आमचं चौथं हे."

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे तक्रार तुम्ही केलीत तर."

बाईंनी घाईने सांगितलं, "तुम्हाला उत्तर द्यायची गरज नाही."

"मी केली," ताई म्हणाल्या. "माझ्या अक्षरात आहे. आता तुम्ही जरा बाजूला व्हा."

तो हलेना. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा हलला. त्यांनी दांडी ढकलली. रोलर आपला फिरत होता. त्यांनी जोर लावला. रोलर फिरतोय. त्यांनी मशीन बंद करायला लावलं, वाकून पत्र्याआड बघितलं आणि विचारलं, "ही तार कोणी बांधली?"

"बायकाच बांधतात, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "काम लवकर आटपावं म्हणून. आम्ही शंभरदा बजावलंय. पण ऐकतील तर शपथ." आणि हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. नजरेत स्पष्ट होतं. तू बोललीस तर तूही आलीस त्यात.

ताई उसळल्या. "धडधडीत खोटं आहे. चष्मेवाली आमची आहे. आमच्यातली एकही बाई असलं करायची नाही. तुम्ही वाटेल त्या बाईला विचारा. हिला विचारा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी जाऊ आहे. हिला विचारा."

मला त्या हाताचा राग आला. खरंच आला. सव्वीस वर्षांत इतका विश्वास त्यांनी माझ्यावर मिठाच्या बाबतीतसुद्धा टाकला नव्हता, आणि टाकायचा तो आजच.

"मी बांधली," मी म्हटलं. "तार यांनी दिली, पक्कड यांनी दिली, इथे उभं राहून बांधून घेतली. पण बांधली मी. आणि नंबर चुकतोय हेही मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

खांद्यावरचा हात निघाला. बाईंनी पेन थांबवलं, मग पुन्हा चालवलं. माझं म्हणणं त्यांनी तारीख-वेळेसकट लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मशीनला सील लागलं. मॅनेजर आम्हाला म्हणाला, उद्यापासून दोघींनी यायचं नाही. बाई म्हणाल्या, तक्रार केली म्हणून काढता येत नाही, आणि काढलंच तर त्याचाही फॉर्म आहे. सध्या आम्ही दोघी घरी आहोत आणि तो दुसरा फॉर्म भरून झालाय. पुढे काय होईल ते मला विचारू नका.

घरी ताई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे एक अक्षर नाही. ओट्यावर माझ्या बाजूची भांडी माझ्या बाजूला, त्यांची त्यांच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, शिव्या तरी द्या." त्या केर काढत राहिल्या. काढलेल्या जागेवरच पुन्हा काढत होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "चल."

कुठे ते मी विचारलं नाही. चष्मेवालीचं घर दोन गल्ल्या सोडून आहे, तळमजल्यावर. दार तिनेच उघडलं, डाव्या हाताने. उजव्याला फडकं गुंडाळलेलं. आम्हाला बघून तिला आनंद झाला. पाणी आणायला निघाली तर ताईंनी तिला बसवलं आणि म्हणाल्या, "हिला तुला काही सांगायचंय."

मी सांगितलं. उभ्यानेच, सगळं, तारेपासून नंबरापर्यंत. चष्मेवालीने चष्मा काढला, डाव्या हाताने मांडीवर पुसायचा प्रयत्न केला, काच हातातून निसटायला लागली तशी तसाच पुन्हा लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्या मॅनेजरला मी तीन वेळा म्हटलं होतं," ती म्हणाली, "ती दांडी मोकळी करा म्हणून. मला वाटायचं, बांधली त्यानेच असणार. तू माझ्यासमोर डबा खात बसायचीस रोज. तुला म्हटलं असतं तर तू लगेच सोडली असतीस ना गं?"