टेपसरांची उंची

टेपसर आमच्या टीममधल्या प्रत्येक मुलीची उंची दर महिन्याला मोजायचे, पण स्वतःची त्यांनी कधी कुणाला मोजू दिली नाही. विचारलं तर "पाच-सात" म्हणायचे आणि लगेच सगळ्यांना कोर्टभोवती दोन फेऱ्या मारायला लावायचे. जाड तळाचे बूट, ताणलेली मान, गळ्यात शिट्टी आणि तिच्या जोडीला शिंप्याची पिवळी टेप. प्रभादेवीच्या त्या कोर्टवर त्यांचं खरं आडनाव निम्म्या मुलींना माहीतच नव्हतं.

बास्केटबॉलमध्ये प्रत्येकीला दोन उंच्या असतात, एक अंगावरची आणि एक फॉर्मवरची. फॉर्मवरची उंची सर काढायचे. बुटासकट मोजायचं, पाव इंच दिसला तर अख्खा धरायचा आणि शाळेचा युनिफॉर्म शिवताना ठेवतात तसा एक इंच वाढत्या अंगाचा. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, खोटं कशाला लिहायचं?"

"अगं बाई, सगळेच दोन इंच वाढवतात. म्हणून समोरचा कोच डोळे झाकून दोन इंच कापतो. तू खरं लिहिलंस तर तो त्यातूनही कापणार. मग तुझं राहिलं काय?"

एवढं बोलून सरांनी पुढच्या मुलीला टेपपाशी बोलावलं.

माझं प्रकरण उलटं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत मी नववीपासून माडासारखी वाढत सुटले आणि आईने माझ्या लग्नाचा धसका घेतला. "एवढा उंच जावई काय ऑर्डर देऊन बनवून घेऊ?" असं ती म्हणायची. कॉलेज संपायच्या आत तिने माझा बायोडाटा लिहून ठेवला, त्यात उंची पाच-सात. तिच्या धाकाने मला खांदे पाडून, गुडघे सैल सोडून उभं राहायची सवय लागली. सर कपाळावर हात मारायचे. "मी फॉर्मवर वाढवतो, तुझी आई बायोडाटात कापते. दोघांची सरासरी काढली तर बरोबर येईल!"

त्या वर्षी उंच मुलींसाठी खास शिबिर निघालं. निवड व्हायला उंची पाच-दहा हवी, आणि तिथली माणसं अनवाणी मोजणार. मी सकाळी उठल्यावर पाच-दहा आणि वर पाव इंच भरायची, संध्याकाळपर्यंत उभं राहून कणा दबला की त्यातलं थोडं आत जायचं. निवड होती गिरगावात, दुपारी एक वाजता. सरांनी आईला बजावलं, "हिला बारापर्यंत अंथरुणातून उठू देऊ नका." मग टॅक्सी आणून मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः पुढे बसले. अख्खी चाळ गॅलरीत जमली.

"कौनसे हॉस्पिटल?" टॅक्सीवाल्याने हळू आवाजात विचारलं.

"हॉस्पिटल नाय, बास्केटबॉल. और खड्डा देखके चलाओ."

मला हसू आवरेना, मी उठून बसायला गेले. "झोप! बसलीस की गेला पाव इंच!" सर ओरडले. गिरगावपर्यंत मला नुसती इमारतींची वरची टोकं दिसली.

आणि एवढं करून मी घोळ घातला. मोजपट्टीची आडवी फळी डोक्याला टेकली आणि सवयीने मान आत गेली, गुडघे वाकले. "पाच-नऊ," चष्मेवाले निवडकर्ते म्हणाले. मग फॉर्म बघून हसले. "इथे तर सहा फूट लिहिलंय."

"ती वाकते हो. पुन्हा मोजा."

"प्रत्येक कोच हेच सांगतो," असं म्हणून त्यांनी पेन उचललं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर बाकावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट काढले तेव्हा आतून रबरी स्लिपरचे कापलेले दोन-दोन तुकडे खाली पडले. ते तसेच टाकून सर मोजपट्टीखाली जाऊन उभे राहिले.

"आधी माझी मोजा."

फळी खाली आली, आणखी खाली आली. पाच-चार.

"तीस वर्षं पाच-सात सांगतोय," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सहा फूट लिहिलं तेही मीच. पण ही पोर पाच-दहा आहे. एवढं एक तरी खरं माना."

हॉलमधले चार-पाच कोच हसले. मला इतका राग आला त्यांचा, की मी सरळ जाऊन भिंतीला टाचा लावल्या आणि जन्मात पहिल्यांदा ताठ उभी राहिले. पाच-दहा, वर पाव. निवडकर्त्यांनी मुकाट्याने नाव लिहिलं.

परतताना सर एवढंच म्हणाले, "कोर्टवर बोलू नकोस हां." मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाच-सात होते. त्या शिबिरातून मी पुढे खेळले, खेळामुळे नोकरी लागली, आणि आईने तो बायोडाटा नव्याने लिहिला.

गेल्या वर्षी सर गेले. मी त्यांच्या बायकोला, काकूंना, भेटायला गेले आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली ती गोष्ट त्यांना सांगितली.

"चारचौघांत?" त्यांनी विचारलं. "बूट काढून?"

"हो काकू."

"अगं, लग्न ठरताना मलाही पाच-सात सांगितलेलं. मी पाच-पाच. पहिल्या दिवशीच कळलं मला, पण जन्मभर सपाट चप्पल घालून चालले त्यांच्या बाजूने." काकूंना हसू फुटलं आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्यापाशी कधी कबूल नाही केलं गं त्यांनी. तुझ्यासाठी केलं."