डाव्या कुशीवर

मन्मथभावजी गेल्याचा फोन नांदेडहून सकाळी आला, तेव्हा मी ज्वारी निवडत होते. फोन मुलाने घेतला. ओसरीत येऊन तो म्हणाला, "आई, काका गेले." आठ दिवस ते दवाखान्यात होते, त्यामुळे बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. मला रडू आलं नाही. पहिलं मनात आलं ते हे, की आता मला चार माणसांत बोलावं लागणार. त्याला आता सहा हप्ते झाले.

भावजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. नांदेडच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवायचे. लग्न केलं नाही. शनिवारच्या दुपारच्या एसटीने अहमदपूरला आमच्या घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. त्यांचा विषय आपल्याकडचा नव्हता. युरोपात लिहिणं-वाचणं यायच्या आधी माणसं कशी राहायची, हे ते वाचत बसायचे. रविवारी सकाळी काझी सर यायचे. ते मूळचे बिलोलीचे, आमच्या गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. दोघं समोरच्या खोलीत बसले की दुपारच्या जेवणापर्यंत वाद चालायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण वर्षानुवर्षं तेच ऐकल्यावर कुणालाही समजेल, तसं मलाही समजू लागलं.

वाद असा होता. त्या मुलखात म्हणे पिढ्यानपिढ्या मोठमोठ्या दगडांच्या खोल्या करायचे आणि गावातले मेलेले सगळे त्या एकाच खोलीत ठेवायचे. मग थोड्याच काळात हे थांबलं. एकेका माणसाला वेगळा खड्डा आला, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवायचं आलं. पुरुष उजव्या कुशीवर, बायका डाव्या. मडकीही बदलली, त्यांच्यावर दोरीचे ठसे आले. हे एवढं एकदम का बदललं? भावजी म्हणायचे, पूर्वेच्या गवताळ रानातून गाड्या-घोडी घेऊन दुसरे लोक आले. माणूस भाकरी बदलेल, भांडं बदलेल, पण मेलेल्याला ठेवायची रीत आपणहून बदलत नाही. ती बदलली म्हणजे माणसंच बदलली. काझी सरांना हे पटत नसे. हवा बिघडली असेल, पीक गेलं असेल, त्याच माणसांना नव्या तऱ्हेनं जगावं लागलं असेल, असं त्यांचं म्हणणं. भावजी यावर पुस्तक लिहीत होते, आणि दफनाचं प्रकरण हाच त्यांच्या पुस्तकाचा कणा होता.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. कचेऱ्यांवरच्या उस्मानाबादच्या पाट्या उतरत होत्या आणि लातूरच्या चढत होत्या. त्या रविवारी काझी सर आल्या आल्या म्हणाले, "अरे मन्मथ, उद्या कुणी ह्या पाट्या उकरून काढल्या तर तुझ्यासारखा शहाणा म्हणंल, नवे लोक आले. आता बघ, पाट्या बदलल्या, माणसं तीच हायत." भावजी म्हणाले, नवे साहेब आलेत की लातूरला, कॉलन्या उठल्यात. सर म्हणाले, साहेब येतात आणि बदलून जातात, तुझी वहिनी कुठून बाहेरून आली का? दोघं हसले. मग भावजींनी नेहमीचं वाक्य टाकलं. पाटीचं सोडा, मढं ठेवायची रीत सांगा. आपल्यात बसवतात, तुमच्यात आडवं ठेवतात. कधी कुणी बदललं?

मी चहाचे कप उचलायला गेले होते. मी त्या खोलीत कधी बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"भावजी, अव्वाला आम्ही कुशीवरच ठेवलं व्हतं. तवा कुणी नवं आलं न्हवतं."

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, भावजींची आई. त्या गेल्या बहात्तरच्या दुष्काळात, पुढच्या उन्हाळ्यात. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, पूजा करतात आणि रुद्रभूमीत खोल खड्डा करून बसवूनच पुरतात. हातात इष्टलिंग ठेवतात. अव्वा गळ्यातलं लिंग आंघोळीलासुद्धा उतरवत नसत, आणि मला नीट बसवा, हे त्यांनी कितीदा सांगून ठेवलेलं. पण खड्डे खोदणारी माणसं खडी फोडायच्या कामावर लांब गेलेली. मालक आणि शेजारचे दोघे टिकाव घेऊन गेले. कमरेइतकं खोदल्यावर खडक लागला. दुसरी जागा बघायला वेळ नव्हता, ऊन तसलं होतं. दिवसभर बसवून ठेवल्यामुळे अव्वांचं अंग तसंच आखडलेलं. तेवढ्या उथळ खड्ड्यात बसलेल्या त्या मावेनात, म्हणून तशाच मांडीसकट डाव्या कुशीवर ठेवल्या. भावजींना तार उशिरा मिळाली, ते दुसऱ्या दिवशी आले. तोवर वर दगड रचलेले होते. मालकांनी सगळ्यांना बजावलं, मन्मथाला कळता कामा नये. रीतीप्रमाणे झालं, असंच आम्ही त्यांना सांगितलं होतं... दहा वर्षं.

भावजींनी हातातला कप खाली ठेवला. पिशवी उचलली आणि जेवण न करता स्टँडवर गेले. मागोमाग काझी सरही उठले. मालक दुकानातून आल्यावर मी सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "दहा वर्षं दातात धरलेलं एका चहात सांडलंस."

शनिवारची एसटी येत राहिली, भावजी येईनात. दिवाळीलाही आले नाहीत. मालकांनी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. सख्खे भाऊ माझ्या एका वाक्याने तुटले, हे मला रोज दिसत होतं. मालक त्यावर कधी बोलले नाहीत, तेच जास्त लागायचं.

पुढच्या श्रावणात भावजी आले. मालकांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "वहिनी, चला, दाखवा." आम्ही रुद्रभूमीत गेलो. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि कॉलेजातल्या पोरांना विचारावं तसं विचारू लागले. खोली किती? कोणत्या कुशीवर? डोकं कुणीकडं? हातात लिंग दिलं होतं का? दिलं होतं म्हटल्यावर त्यांनी डायरी मिटली. मग दगडांजवळ बराच वेळ बसून राहिले. मी लांब लिंबाखाली उभी होते.

पुस्तकातलं ते प्रकरण त्यांनी काढलं. नवं लिहायला घेतलं, पण ते कधी पुरं झालं नाही, आणि पुस्तकही झालं नाही. काझी सर चिडवायचे, भाभीनं तुझं पुस्तक बुडवलं. भावजी हसायचे. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. एवढी वर्षं वाचून, डोळे घालवून केलेलं काम होतं ते. पुढे मालक गेले, त्यांना खडक टाळून नीट बसवून पुरलं. त्यानंतर एकदा मी भावजींना विचारलंच, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं का? ते म्हणाले, चूक माझी होती, तुमची नव्हती. मग म्हणाले,

"मला अव्वासारखंच ठेवा. ती एकटीच तशी हाय. एकीला लोक अडचण म्हणतात. दोघं झालो की रीत म्हणतील. पण हे तुम्हालाच सांगावं लागंल, वहिनी. घरात दुसऱ्याला ठावं न्हाई."

मी हो म्हणाले होते. फोन आला तेव्हा आठवलं ते हेच.

दुपारी त्यांना घरी आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. ओसरी माणसांनी भरली. स्वामी पूजेला बसले. खड्डा खोदायला माणसं निघाली होती. मी दोनदा उठले आणि दोनदा खाली बसले. आता नाही बोलले तरी विचारणारं कुणी नव्हतं. सासूबाईंची गोष्ट काझी सर सोडले तर गावात कुणाला माहीत नाही, त्यांना ठेवणारे तिघेही गेले. गप्प बसणं सोपं होतं, आणि तेवढं एकच मला चांगलं येतं. शेवटी माणसं दाराबाहेर पडली तेव्हा मी स्वामींजवळ जाऊन सांगितलं. ते मला ऐकू येईल इतपतच बोलले, "आजी, आपल्यात असं नसतं."

"आपल्यात एकदा झालंय," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण ओसरीतली माणसं वळून बघू लागली. मग सगळ्यांसमोर मी सासूबाईंचं सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. एका म्हाताऱ्याने म्हटलं, एवढी वर्षं लपवलं काय? मी हो म्हणाले. स्वामींनी डोळे मिटले. मग म्हणाले, पूजा बसवूनच करू, लिंग हातात राहील. पुढं त्यांच्या इच्छेप्रमाणे. रुद्रभूमीत मुलाने विचारलं, कोणत्या कुशीवर? मी म्हणाले, अव्वाकडं तोंड येईल अशा.

गेल्या रविवारी काझी सर आले. काठी टेकत, नातवाच्या गाडीवरून. भावजींना ठेवलं त्या दिवशी ते आजारी असल्याने येऊ शकले नव्हते. समोरच्या खोलीत भावजींची पुस्तकं अजून तशीच आहेत, सर त्यांच्याच समोर बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "भाभी, कुशी कोणती?"

"डावी."

 सरांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण हसत होते. "डाव्या कुशीवर बाप्या. जिंदगीभर दुसऱ्यांची हाडं बघून बाई का बाप्या ठरवत बसला... आता उद्या कुणी उकरलं तर ह्यालाच बाई म्हणतील. त्यावर पुस्तकं लिहितील. भांडतील एकमेकांशी."

"भांडू द्या," मी म्हणाले. "भावजींना तेच आवडायचं."

सरांनी चष्मा पुसला. मी चहा टाकायला उठले. त्यांनी वरचं एक पुस्तक हातात घेतलं, खुणेची चिठ्ठी होती ते पान उघडलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "हे तर साफ चूक आहे."