शब्बाथ न पाळणारं इंजिन

गाडी चालू होत नाही म्हणून घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत; गाडी बंद होत नाही म्हणून थरथर कापणारं कुटुंब एकच पाहिलं, ते आमचं.

त्रेसष्ट सालची गोष्ट. मुंबईहून इस्राएलमधल्या रामल्याला येऊन आम्हाला दहाएक वर्षं झाली होती. माझ्या धाकट्या बहिणीचं, लेआचं, आमच्या कारखान्यातल्या एका इराकी यहुदी मुलाशी जमलं होतं. पण कोकणातून आलेले हे मराठी बोलणारे लोक खरेच यहुदी आहेत का, अशी शंका त्या दिवसांत काही जण उघड काढत. मुलाकडचे कर्तेधर्ते म्हणजे त्याचे काका, मोर्देखाय. त्यांच्या गावच्या सिनेगॉगमध्ये त्यांचाच शब्द चाले. ते शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या सणाला, येऊन घराची रीतभात पाहणार होते. त्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. लेआला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं. मी मात्र दोन्ही वेळा नीट जेवत होतो, कारण काकांवर छाप पाडायला माझ्याकडे गाडी होती.

गाडी म्हणजे इंग्रजांनी मागे टाकलेली एक म्हातारी व्हॅन. तिचं पेट्रोलचं इंजिन केव्हाच निजधामाला गेलं होतं. हैफाच्या भंगारातून मी एका लॉरीचं डिझेल इंजिन आणलं. कारखान्यातल्या दोन मित्रांनी ते बसवून दिलं आणि म्हणाले, "वायरिंग?"

"ते माझ्यावर सोडा, मी इलेक्ट्रिशियन आहे," मी म्हणालो. मुंबईत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात मी सहा वर्षं काढली होती. (भाग विकत होतो, जोडत नव्हतो. पण हे इथे कोणाला माहीत?)

माझी पद्धत सोपी होती. प्रत्येक तारेला छोटा दिवा लावून पाहायचा. दिवा लागला तर तार कामाची, नाही लागला तर काढून टाकायची. चालकाच्या पुढ्यातल्या एका मुठीपासून इंजिनाच्या पंपापर्यंत एक जाड पोलादी तार गेली होती. दिवा काही लागेना. ती मी उपटली आणि आईला कपडे वाळत घालायला दिली. इतकी चांगली तार फुकट मिळाली म्हणून आई खूश झाली.

काकांना स्टेशनावरून दोन वाजता आणायचं ठरलं होतं. तीन वाजता इंजिन चालू झालं. (काका तोवर ओळखीच्यांकडे पोचले होते.) आमच्या भिंतीला टेकून उभी असलेली व्हॅन अशी गरजली की स्वयंपाकघरातली भांडी नाचायला लागली. मला इतका आनंद झाला की तासभर मी ती तशीच चालू ठेवली.

मग बाबा बाहेर आले. "पुरं झालं. बंद कर आता. शब्बाथची वात लावायची येळ झाली."

"बंदच आहे, बाबा."

बाबांनी धडधडणाऱ्या इंजिनाकडे पाहिलं. "ही बंद हाय?"

"चावी बंद आहे."

मी चावी काढून त्यांना दाखवली. इंजिनावर काहीच परिणाम नाही. मी एक वायर सोडवली, मग दुसरी, मग सगळ्याच. शेवटी बॅटरीच उचलून अंगणात ठेवली. इंजिन आपलं मजेत चालूच! हातात वायरींची जुडी घेऊन मी उभा होतो. ज्या यंत्राला विजेचीही गरज उरली नाही, ते पुढे काय करील याचा नेम नव्हता. बाबा पुटपुटत प्रार्थना म्हणू लागले.

"दादा," लेआने विचारलं, "टाकीत तेल किती आहे?"

"सकाळीच भरून आणलं."

"म्हणजे कधीपर्यंत चालेल?"

"रविवार उजाडेपर्यंत."

लेआ पायरीवर बसली आणि हिब्रूतून रडू लागली. मराठीतून रडली असती तर मी समजूत तरी काढली असती.

सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. आईने वेळेवर वात लावली. आता उद्या अंधार पडेपर्यंत घरातल्या कोणी विस्तवाला, यंत्राला हात लावायचा नाही.

"कोकणात लोक आपल्याला शनवार तेली म्हणत," बाबा म्हणाले. "कशापायी? शनवारी आपला घाणा बंद म्हणून. बापजाद्यांनी उपास काढलं, पण घाणा नाय फिरवला. आन् तू?"

तेवढ्यात मोर्देखायकाका चालत आले. डोक्यावर काळी हॅट, पांढरी दाढी. त्यांनी व्हॅन पाहिली, माझं काळं तोंड पाहिलं. मी वायरींची जुडी पाठीमागे लपवली. लेआने उभं राहून हिब्रूतून सांगितलं, "शब्बाथच्या आधी चालू झालंय. थांबत नाही."

"थांबवायची तार कुठे आहे?" काकांनी विचारलं. त्यांनी पंधरा वर्षं शेतावर ट्रॅक्टर चालवला होता. "डिझेल चावीने थांबत नाही. पंपातून येणारं तेल तोडावं लागतं. त्यासाठी एक पोलादी तार असते."

मी अंगणाच्या टोकाकडे पाहिलं, जिथे त्या तारेवर बाबांची पायजमा-बंडी वाळत होती. मग सगळ्यांनीच तिकडे पाहिलं.

"पंपाचा खटका दाबला तरी थांबेल," काका म्हणाले. "पण जिवाला धोका असेल तरच शब्बाथ मोडता येतो. आहे का धोका?"

हो म्हणावं तर खोटारडे ठरतो, नाही म्हणावं तर रविवारपर्यंत हा नगारा. बाबांना हिब्रू कळे, बोलता येत नसे. ते शांतपणे मराठीत म्हणाले, "हाय ना. हे असंच चाललं, तर उद्या शब्बाथ सुटल्यावर मी या पोराचा जीव घेणार हाय."

लेआने ते जसंच्या तसं हिब्रूत सांगितलं. (जरा मवाळ करायला काय जात होतं?) काकांची दाढी हलली. आत धुराने आईला खोकल्याची उबळ आली होती, ती थांबेना.

"मुलाचं नंतर बघू," काका म्हणाले. "बाई गुदमरताहेत, तेवढं पुरे." आणि रोजच्या कामासारखं दिसू नये म्हणून हात मागे बांधून त्यांनी कोपराने खटका दाबला. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं.

मग बाबांनी द्राक्षरसाचा पेला हातात घेऊन किद्दुशची प्रार्थना म्हटली, आमच्या कोकणी चालीवर. काका डोळे मिटून आपल्या चालीत म्हणू लागले. चाली दोन, शब्द एकच. लेआने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला आणि मला रडू आलं. धुरामुळे आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

साखरपुड्याला काका आपल्या लोकांपुढे उभे राहिले. "हे घराणं अस्सल यहुदी आहे," ते म्हणाले. "मी स्वतः पाहून आलोय. कोणी चौकशी करायची गरज नाही." माझी मान ताठ झाली. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मुलीचा हा भाऊ मात्र स्वतःला इलेक्ट्रिशियन म्हणवतो. चौकशी करायचीच असेल, तर त्याची करा."