केवळाबाई आणि विहिरीतल्या ट्यूबा
अहमदपूरहून नांदेडकडं निघालं की लिंबाच्या झाडाखाली केवळाबाईचं पंक्चरचं दुकान लागतं. दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, पंढरीचं. ट्रकचं चाक उचलताना त्याची कंबर गेली ती कायमचीच, तेव्हा केवळाबाईनं पाना हातात घेतला. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक बाईमाणूस बघून गाडी पुढं दामटायचं. आता पंढरी स्टोव्हवर चहा ठेवतो आणि आलेल्याला सांगतो, मालकीण आत हाय.

गेल्या उन्हाळ्यात जवळच्या गावातल्या शाळेच्या विशाखाबाई दुकानात आल्या. सुट्टीत मुलींना पोहायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मन्मथआप्पांनी शेतातली पायऱ्यांची विहीर द्यायचं कबूल केलं होतं, त्यांची नात ऋतुजाही शिकणार होती. केवळाबाईनं जीपच्या सहा जुन्या ट्यूबांना ठिगळं लावली, भर उन्हात हवा भरून टणक केल्या आणि टेम्पोत चढवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी विशाखाबाईंचा फोन आला. ट्यूबा पाण्यात टाकल्या की घटकाभरात ढिल्या पडतात, मुली घाबरून पायरी सोडत नाहीत, आणि आप्पा म्हणतात बाईच्या हातचं पंक्चर ते असंच असणार. केवळाबाईला ते वाक्य झोंबलं. तिनं पायपंप पिशवीत टाकला आणि जीप धरून विहीर गाठली.

आधी तिनं एकेक ट्यूब पाण्यात दाबून धरली. कुठंच बुडबुडा आला नाही. मग एक ट्यूब वर आणून काठावरच्या तापल्या दगडावर टाकली आणि सगळ्यांना सावलीत बसायला सांगितलं. थोड्या वेळानं आप्पांनीच उठून ट्यूब चाचपली. ती पुन्हा टणक झाली होती, आणि पंप तर अजून पिशवीतच होता.

"हवा कुठं गेली न्हाई, आप्पा," केवळाबाई म्हणाली. "हिवाळ्यात माणूस अंग चोरून बसतं, तशी गार पाण्यात हवा आवळून बसती. ऊन लागलं की पसरती."

विशाखाबाई हसल्या. सातवीच्या वर्गाला हेच आपण फळ्यावर लिहून देतो, म्हणाल्या, आणि इथं फोन करताना एकदाही डोक्यात आलं नाही. केवळाबाई चौथीपर्यंतच शिकलेली. पण पौषातल्या पहाटे प्रत्येक ड्रायव्हर हवा कमी झाल्याची तक्रार घेऊन येतो आणि वैशाखात एखादी ट्यूब उभ्या गाडीतही फुटते, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

तिनं ट्यूबा पाण्यातच गार होऊ दिल्या, मग पंपानं लागेल तेवढी हवा भरली आणि बजावलं, की वर आणल्या की सावलीत ठेवा, आता उन्हात टाकाल तर फुटतील. तरी पोरींच्या गडबडीत एक ट्यूब दगडावर राहिलीच. जेवणवेळेला बार उडावा तसा आवाज झाला आणि झाडावरचे पारवे भर्रकन उडाले. आप्पांनी फाटलेलं रबर उचलून चाचपलं; ट्यूब दुसरीकडंच फाटली होती, ठिगळ जागचं हललं नव्हतं. मग म्हणाले, "बाईचं काम पक्कं हाय. मीच उगं बोललो."

त्यानंतर महिनाभर ती रोज सकाळी पंप घेऊन विहिरीवर जायची. मुली हातपाय मारायच्या, ती पायरीवर बसून ट्यूबांवर नजर ठेवायची. एके दिवशी ऋतुजानं पाण्यातून हाक मारली, "मावशी, तुम्ही पण या की."

केवळाबाई दचकली. तिच्या आईच्या तरुणपणी असल्या विहिरीच्या काठालाही तिच्या माणसांना शिवू देत नव्हते. वरून कुणी पाणी वाढेल म्हणून तासन्‌तास उभं राहावं लागे. तिनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा आंब्याखाली अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली, म्हणाले, "उतरा की. पाणी काय संपतंय का," आणि पुन्हा सुपारीला लागले.

तिनं पदर खोचला, ट्यूब काखेत धरली आणि एकेक पायरी उतरली. गळ्याएवढ्या पाण्यात गेल्यावर पाय सुटले. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं, मुली हसल्या, तीही हसली. आठवडाभरात ती या काठाहून त्या काठाला जाऊ लागली, अर्थात ट्यूब धरूनच.

एरवी केस वाटेतच वाळायचे, एक दिवस ओलेच घरी आली, तेव्हा पंढरीनं कारण विचारलं. तिनं सांगितलं, तर त्याचा विश्वास बसेना. बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकलीस, म्हणाला, आणि चहात साखर जरा जास्तच टाकली.