डागडुजीचा नारळ

सकाळी खिडकीतून उकळत्या डांबराचा वास आला आणि मला साठच्या दशकातली इथलीच, पनवेलची एक दुपार आठवली. मी नवखा इंजिनिअर होतो. खाडीलगतचा रस्ता काँक्रीटचा करू, म्हणजे दरवर्षीची डागडुजी वाचेल, असं साहेबांना पटवत होतो. साहेब बशीतला चहा फुंकत शांतपणे म्हणाले, "अहो, काँक्रीटच्या खर्चात डांबराचे दोन रस्ते होतात. दोनदा नारळ फुटतो. पुढच्या डागडुजीचा विचार कोण करतो? तिला नारळ फोडायला कुणी येतं का?"

तेव्हा मला राग आला होता. रस्ता अर्थात डांबराचाच झाला.

आज वासामागोमाग खाली उतरलो. खाडीलगतचा रस्ता तोच, खड्डेही जुन्याच जागी. साहेबांचा अंदाज एवढाच चुकला होता: खड्ड्यापाशी मांडव घातला होता आणि पुढारी नारळ फोडत होते.