अकरा वर्षांची पाहुणी

सफरचंदांच्या बागांच्या त्या अमेरिकी गावात रेफुहिओबाईंना सगळे कुका म्हणत. मेक्सिकोतल्या ओआहाकाहून येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं प्रत्येक सरकारी माणसाला त्यांचं उत्तर एकच: "आम्ही पाहुणे. रविवारी परत जाणार." कागदपत्रं नसलेल्या माणसाने आपला मुक्काम सांगू नये, हे त्यांच्या बहिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दर शनिवारी त्या पाद्री आन्सेल्मोंपुढे या खोटेपणाची कबुली देत. पाद्रीही म्हणत, "प्रायश्चित्त एक जपमाळ, कुका. पुढचं पाप सांग."

त्यांची लेक इत्सायाना अकरावीत होती. नर्स व्हायचं तिच्या डोक्यात पक्कं. शाळेत असतानाच कॉलेजचा जीवशास्त्राचा वर्ग करता येतो म्हणून तिने अर्ज केला. आठवड्याने पत्र आलं: परराज्यातली विद्यार्थिनी, तिप्पट फी.

"अमा, कॉलेजचा फोन आला होता का?" तिने आईला विचारलं.

"आला होता की."

"काय सांगितलंस?"

"नेहमीचंच."

"अमा!"

"अगं, इतक्या गोड आवाजात विचारलं, मला वाटलं पोलीसच!"

तिप्पट फी भरणं शक्यच नव्हतं, आणि शुक्रवारी मुदत संपत होती. शुक्रवारी कुकाबाई चर्चला जायची काळी ओढणी घेऊन लेकीसोबत कॉलेजच्या ऑफिसात हजर झाल्या. समोर तोच गोड आवाज बसला होता. ब्राम्बिलाबाई.

"सेन्योरा, तुम्ही तर रविवारी जाणार होतात."

"कुठल्या रविवारी, ते मी बोलले नव्हते."

"मुलगी पहिलीपासून इथल्या शाळेत आहे. एक दिवस गैरहजर नाही."

"ती राहते हो. जाणार मी होते."

इत्सायानाने कपाळावर हात मारला. ब्राम्बिलाबाईंनी हसू दाबत एक फॉर्म पुढे सरकवला. "इथे तीन वर्षं शाळा शिकली की इथलीच फी लागते, कागद असोत नसोत. पण मुलगी लहान आहे, म्हणून आईचा मुक्काम धरतात, आणि फोनवरचं तुमचं बोलणं नोंदलं गेलंय. तुम्ही कुठे, कधीपासून राहता, ते शपथेवर लिहून द्या. तरच ते खोडता येईल."

शपथ म्हटल्यावर कुकाबाईंचा चेहरा उतरला. पेन हातात घेतलं, खाली ठेवलं.

"हा कागद कुणाकुणाला दाखवणार?"

"या कपाटात राहतो."

"कपाटाला कुलूप आहे?"

"आहे."

"आणि किल्ली?"

ब्राम्बिलाबाईंनी गळ्यातली दोरी वर काढली. किल्लीला खेटून ग्वादालुपेच्या मेरीमाउलीचं छोटं पदक लटकत होतं.

"हे आधी दाखवायचं ना, बाई! इतका वेळ छळलंत मला."

कुकाबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि लिहायला घेतलं. नाव, खरं. वर्षं, अकरा. पत्त्याच्या रकान्यात मात्र त्यांचा हात थांबेना. गल्ली लिहिली, घराचा नंबर लिहिला, 'मागच्या बाजूचं निळं दार' लिहिलं.

"अमा, बस ना आता. एवढं नको असतं."

"गप गं. इतक्या वर्षांनी कुणी विचारतंय." आणि उरलेल्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात भर घातली: कुत्रा भुंकतो, पण चावत नाही.

ब्राम्बिलाबाईंनी ते वाचलं, शिक्का मारला आणि इत्सायानाला म्हणाल्या, "वर्ग मंगळवारी साडेतीनला. उशीर करू नकोस."